बाळ रडतं म्हणून डायलेटेशन बंद केलं, आता घरचे म्हणतात बॅगच काढून टाका

पत्र नागपूरच्याच एका ताईचं आहे, वय सत्तावीस. नाव-गाव, वॉर्ड, तारखा सगळं काढून थोडक्यात सांगते. पहिलंच बाळ, मुलगा, जन्मला तेव्हा शीची जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी पोटावर कोलोस्टोमी केली, म्हणजे आतडं पोटावर उघडून शीसाठी तात्पुरता रस्ता केला आणि बॅग लागली. चौथ्या महिन्यात मोठं ऑपरेशन झालं, खाली नवीन जागा तयार केली. दोन आठवड्यांनी सर्जननी डायलेटर, म्हणजे ती नवीन जागा आवळू नये म्हणून आत घालायची गुळगुळीत कांडी, कसा घालायचा ते ओपीडीत दाखवलं, रोज दोनदा घरी करा आणि दर आठवड्याला दाखवायला या असं सांगितलं. सुरुवातीला केलं, दहा नंबरच्या डायलेटरपर्यंत आले. पण बाळ फार रडतं, नवरा खोलीतून उठून जातो, सासूबाई म्हणतात "पोट्टं रडून रडून निळं होऊन राहिलं, आई आहेस की कोण", म्हणून तीन आठवडे झाले डायलेटेशन बंद आहे आणि लाजेपोटी फॉलोअपलाही गेले नाहीत. दिवाळीनंतर दिराचं लग्न. तेव्हा पाहुण्यांसमोर बॅग नको, म्हणून एका नातेवाईकाने कुठले तरी डॉक्टर शोधलेत जे "डायरेक्ट बॅग बंद करून देतो" म्हणतात, म्हणजे पोटावर उघडलेलं आतडं परत आत जोडून देतो. बाळ आता साडेसहा महिन्यांचं आहे. ताई विचारते की ऑपरेशन तर झालंच आहे, मग बॅग बंद केली की बाळ रोज शी करेल आणि जागा आपोआप मोकळी राहील ना? बॅग सारखी निघते, कातडी लाल होते, लोकांना सांगायचं की नाही, नोकरीचं काय करायचं, हेही लिहिलंय. आणि शेवटी एक ओळ लिहिली आहे, की सहाव्या महिन्यात ग्रहण होतं आणि मी भाजी चिरली होती, त्यामुळे तर झालं नसेल?

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. मी लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात कितीतरी वर्षं सिस्टर होते म्हणून तुला अगं-तुगं करते, चालवून घे.

आधी आजचं काम सांगते, कारण बाकी सगळं नंतर निवांत वाचलं तरी चालेल पण हे थांबू शकत नाही. आज घरी डायलेटर काढून पुन्हा सुरू करू नको. तीन आठवड्यांच्या गॅपनंतर दहा नंबर जाईलच असं नाही आणि जोर लावला तर आत फाटू शकतं, रक्त येऊ शकतं. उद्या-परवा ज्या दिवशी तुमच्या सर्जनची ओपीडी असेल त्या दिवशी फाईल घेऊन सरळ जा आणि पहिल्याच वाक्यात सांग की तीन आठवडे केलं नाही. रागावतील म्हणून लपवू नको. थोडं बोलतीलही, बोलू दे, वॉर्डातल्या कुठल्याही सर्जनला हे नवीन नाहीये, डायलेटेशन सुटलेली आई आठवड्याला एक तरी यायचीच. ते बोटाने आणि लहान डायलेटरने बघतील की जागा किती उरली आहे, तिथून पुन्हा आठ नंबरपासून चालू करायचं की एकदा भूल देऊन तपासायचं ते ठरवतील. जितकी लवकर जाशील तितकं हे साध्यात निभावेल.

आता तुझा मुख्य प्रश्न, की शी येत राहिली की जागा मोकळी राहील का. तुला वाटतं तसं होत नाही गं, आणि का होत नाही ते नीट समजून घे म्हणजे घरच्यांनाही सांगता येईल. बाळाच्या बाराव्या दिवशी आपण कान टोचतो तेव्हा नुसतं भोक पाडून सोडून देतो का, त्यात तार किंवा काडी ठेवतो, आणि ती चार दिवस काढली की भोक बुजायला लागतं. शरीराला ते भोक म्हणजे जखम वाटते आणि जखम भरायची म्हणजे आक्रसायची. खाली केलेली नवीन जागाही तशीच आहे. सर्जननी आतडं खाली आणून स्नायूंच्या मधोमध बसवलं आणि कडेने टाके घातले, त्या टाक्यांच्या रिंगणात जो व्रण तयार होतो तो पहिल्या काही महिन्यांत आवळत जातो. डायलेटर नुसता जागा मोठी करण्यासाठी नसतो, व्रण मऊ ठेवण्यासाठीही असतो. आणि आत्ता बॅग बंद केली तर साडेसहा महिन्यांच्या बाळाची शी पातळ असते, ती पेन्सिलीएवढ्या जागेतूनही निघते, त्यामुळे घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. मग वर्षाचं झालं, पोळी-भात खायला लागलं, शी घट्ट झाली की तेव्हा कळतं जागा अरुंद राहिली, तोवर मागे शी साठून आतडं फुगलेलं असतं. फुगलेल्या आतड्याला ढकलायची ताकद राहत नाही, मग जुनाट बद्धकोष्ठ, पोट फुगणं, कपड्यात थोडी थोडी शी गळत राहणं, आणि शेवटी पुन्हा कोलोस्टोमी आणि पुन्हा खालचं ऑपरेशन. दुसऱ्यांदा केलेलं ऑपरेशन पहिल्याइतकं चांगलं होणं फार अवघड असतं कारण स्नायूंमध्ये आधीचा व्रण असतो. तुझ्या बाळाची पहिली संधी अजून हातात आहे.

डायलेटरवरचा नंबर म्हणजे त्याची जाडी, मिलिमीटरमध्ये. दहा नंबर म्हणजे दहा मिलिमीटर. वयाप्रमाणे कुठपर्यंत जायचं ते साधारण ठरलेलं असतं, चार महिन्यांपर्यंत १२, चार ते आठ महिन्यांच्या बाळाला १३, आठ ते बारा महिने १४, एक ते तीन वर्षं १५. दर आठवड्याला एक नंबर वाढवत तिथपर्यंत पोचायचं, तो नंबर सहज जायला लागला की मग बॅग बंद करायचा विचार. म्हणजे तुझं बाळ अजून तीन नंबर मागे आहे आणि घरचे शेवटच्या पायरीवर उडी मारायला सांगून राहिले. हेही सांगते की अलीकडे काही मोठ्या केंद्रांमध्ये असा विचार चालू आहे की प्रत्येकच बाळाला घरी रोज डायलेटेशन करायची गरज आहे का, काही सर्जन ते न करता जवळून लक्ष ठेवतात आणि लागलंच तर पुढे छोटी प्रोसिजर करतात. पण तो निर्णय तपासून, ठरवून, सर्जनने घेतलेला असतो. सुरू केलेलं डायलेटेशन रडण्यामुळे मध्येच सोडून देणं आणि दाखवायलाही न जाणं ही वेगळी गोष्ट झाली. तुमच्या सर्जनना तू हा प्रश्न थेट विचारू शकतेस, "सर, आमच्या बाळाला दुसरा काही मार्ग आहे का", त्यात काही वावगं नाही.

रडण्याबद्दल बोलते, कारण खरी अडचण तिथेच आहे. बाळ दुखतं म्हणूनच रडतं असं तुम्ही सगळ्यांनी धरून चाललात. थोडं दुखतं, खोटं सांगणार नाही. पण साडेसहा महिन्यांचं बाळ पाय वर धरून दाबून ठेवले तरी रडतं, लंगोट बदलतानाही रडतं, आणि घरात चार माणसं श्वास रोखून उभी असली तर जास्तच रडतं. पुढच्या वेळी एक बघ, डायलेटर काढून उचलून कडेवर घेतलं की किती वेळात शांत होतं. एक-दोन मिनिटांत आजूबाजूला बघायला लागलं, हसलं, तर तो त्रास त्या क्षणापुरता होता. त्याउलट अर्धा तास रडणं, ताप, रक्ताचा नुसता ठिपका नाही तर धार, किंवा कालपर्यंत जाणारा नंबर आज अडतोय, हे असलं काही झालं तर करायचं थांबव आणि दाखवायला जा.

करण्याच्याही युक्त्या आहेत, त्या ओपीडीच्या गर्दीत कोणी सांगत नाही. दूध पाजल्यावर लगेच करायचं नाही, उलटी होते आणि मग अजून घाबरायला होतं. अंघोळीच्या आधीची वेळ सगळ्यात चांगली, कारण नंतर कोमट पाणी आणि मग दूध, बाळाच्या डोक्यात क्रम बसतो. डायलेटर स्टीलचा, गार असतो, साबणाने धुऊन कोमट पाण्यात ठेवला की बाळ दचकत नाही. जेली भरपूर लाव, हात आखडू नको. बाळ उताणं, गुडघे छातीकडे, दुसऱ्या माणसाने पाय धरायचे, आणि डायलेटर शिकवलाय त्याच दिशेने, शिकवलाय तेवढाच आत, अर्धा मिनिट धरून बाहेर. पाच मिनिटं थांबून-थांबून, थोडं घालून-काढून केलं की दहापट त्रास होतो. ज्या आयांचे हात स्थिर झाले त्यांची बाळं दोन आठवड्यांत रडायची कमी झालेली मी वॉर्डात पाहिली आहेत. पुढच्या ओपीडीत सिस्टरला सांग, "मी करते, तुम्ही बघा", आणि तिच्यासमोर स्वतःच्या हाताने कर, त्याने जो धीर येतो तो नुसतं बघून येत नाही.

आणि पाय धरणारा दुसरा माणूस बाळाचा बाप असू दे. सर्जन डायलेटर हातात घेतात तेव्हा बाप लोक हळूच दाराकडे सरकतात, हे मी इतक्या वेळा बघितलं. त्यांना बघवत नाही हे खरंच असतं, पण मग काय होतं, आई रोज दुखवणारी आणि बाप कडेवर घेऊन फिरवणारा, आणि आईच्या मनावरचं ओझं कोणाला दिसतच नाही. नवऱ्याला चिडून नको, शांतपणे सांग की तू फक्त पाय धर आणि त्याच्याशी बोल, बाकी मी करते. एका आठवड्याने बदला, तू पाय धर आणि ते करतील. तुला कधी ताप आला, माहेरी जावं लागलं तर बाळाचं काम अडायला नको. तुमच्या डॉक्टरांकडे नवऱ्याला घेऊनच जा, तुझ्या तोंडून ऐकलेलं आणि सर्जनच्या तोंडून ऐकलेलं यात घरी किती फरक पडतो ते तुलाही माहीत आहे.

आता ते "डायरेक्ट बॅग बंद करून देणारे" डॉक्टर. मी त्यांना ओळखत नाही आणि न बघता कोणाला नावं ठेवणार नाही. पण तीन गोष्टी विचारून बघ. ते बालशल्यचिकित्सक, म्हणजे लहान मुलांचे सर्जन आहेत का, कारण मोठ्यांची सर्जरी कितीही चांगली येत असली तरी हे काम वेगळं आहे. बाळाला प्रत्यक्ष तपासून, खालून कितीचा डायलेटर जातो ते बघून बोलले की नातेवाईकाच्या फोनवरच हो म्हणाले. आणि आधीच्या ऑपरेशनचे कागद, खालच्या आतड्यात औषध घालून काढलेला एक्स-रे ज्याला लूपोग्राम म्हणतात, तो मागितला का. या तिन्हींचं उत्तर नीट मिळालं नाही तर तिकडे जायची गरज नाही. दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, तो तुमचा हक्कच आहे. आपल्याकडे मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, बालशल्यचिकित्सा आहे, मिहानच्या एम्समध्ये आहे, खाजगीतही लहान मुलांचे सर्जन आहेत, मुंबई-दिल्लीला पळायलाच हवं असं नाही. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या सर्जरीचा समावेश आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशन कार्ड आणि आधार दाखवून तुमच्या ऑपरेशनचं पॅकेज कुठलं ते भरती व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.

तुमच्या घरात सगळ्यांच्या बोलण्यात बॅग म्हणजेच आजार झालाय, बॅग गेली की बाळ बरं. मला वाटतं इथेच गाडी रुळावरून घसरली. बॅगेने बाळाला वाचवलं गं. खालचे टाके भरत असताना त्यावरून शी गेली असती तर जखम चिघळली असती, टाके सुटले असते. हे जे टप्प्याटप्प्याने करतात, आधी कोलोस्टोमी, मग मागून मधोमध चीर देऊन स्नायू डोळ्यांना दिसतील असं खालचं ऑपरेशन, मग बॅग बंद, ती पद्धत मेक्सिकोच्या अल्बर्टो पेन्या या सर्जननी १९८२ मध्ये जगासमोर मांडली आणि आज नागपुरातही तीच वापरतात. त्याआधी सर्जन बरंचसं अंदाजाने आतडं खाली ओढायचे आणि किती मुलं जन्मभर शीवर ताबा नसलेली राहायची.

पोटावर बॅगेखाली दिसणारा तो आतड्याचा लाल गोळा बघून पाहुणे घाबरतात, पण त्याला दुखत नाही, आतड्याच्या आतल्या अस्तराला पुसल्याचं दुखणं कळत नाही. लाल-गुलाबी ओला दिसला म्हणजे चांगला. पुसताना चिमूटभर रक्त आलं तरी चालतं. बाजूला जे दुसरं छोटं तोंड आहे त्यातून पांढरा चिकट स्राव येतो, तो पू नाही, रिकाम्या आतड्याचा स्राव आहे. घाबरायचं कधी, तर गोळा जांभळा-काळा पडला, एकदम लांब बाहेर आला आणि आत जाईना, बॅगेत बराच वेळ काहीच नाही आणि पोट टम्म, किंवा हिरवी उलटी. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की सण, सकाळची वाट न बघता भरती करा.

आणि बॅग सारखी निघते, कातडी लाल होते, असं तू लिहिलंय, तर मला सांग सासूबाई मालीश कशी करतात? बहुतेक घरी पोटालाही तेल लावतात आणि मग बॅग चिकटणारच नाही. त्यात आपल्याकडचा घाम. ज्या दिवशी बॅग बदलायची त्या दिवशी मालीश आधी, मग अंघोळ, मग गोळ्याच्या भोवतीची कातडी नुसत्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडी करायची, पावडर नाही, तेल नाही, मग बॅग. बॅगेचं भोक गोळ्यापेक्षा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मोठं कापायचं, जास्त मोठं कापलं की उघड्या कातडीवर शी बसते आणि तिथेच ती सोलवटते. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, जड झाली की ओढून निघते. बॅगा परवडत नसतील तर जुन्या सुती साडीची घडी आणि वरून लंगोट, दर थोड्या वेळाने बदलत, आणि कातडीला झिंक ऑक्साइडचा जाड थर, यावरही आपल्या वॉर्डातली शेकडो बाळं वाढली. सासूबाईंना हे काम दे. आजीच्या हाताला काम मिळालं की ती "पोट्टं निळं होऊन राहिलं" म्हणण्याऐवजी बॅग चिकटली की नाही ते बघते, मी हे घडताना पाहिलंय.

ग्रहणाचं. तू ती ओळ अगदी शेवटी लिहिली पण मला वाटतं तुझ्या डोक्यात ती सगळ्यात वर आहे. शीची जागा आणि लघवीची जागा वेगळी होण्याचं काम पोटात गर्भ चार ते आठ आठवड्यांचा असताना होतं. म्हणजे पाळी चुकली, टेस्ट केली, कोणाला सांगू कोणाला नको असं चाललेलं असतं तोवर ते होऊन गेलेलं असतं. सहाव्या महिन्यात तू भाजी चिरली, विळी घेतली, काहीही केलं असतं तरी तयार झालेली जागा बंद पडणं शक्यच नाही. असं बाळ साधारण पाच हजारांत एक जन्माला येतं, सगळ्या देशांत, ग्रहण पाळणाऱ्यांकडे आणि न पाळणाऱ्यांकडेही. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. आणि सोनोग्राफीवाल्यांनी आधी का सांगितलं नाही म्हणून नवरा भांडायला जाणार असेल तर त्याला थांबव, हा दोष पोटात असताना सोनोग्राफीत बहुतेक दिसतच नाही. पुढच्या बाळाची भीती तू लिहिली नाहीस पण आज ना उद्या येईल, तर सांगून ठेवते, भावंडाला असंच होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास मानतात. या बाळात अजून कुठले दोष असतील तर डॉक्टर जेनेटिक सल्ला घ्यायला सांगतील.

त्यावरून एक महत्त्वाचं. या बाळांपैकी निम्म्याहून जास्तांना सोबत आणखी काहीतरी असतं, हृदयात छिद्र, एक किडनी लहान किंवा नसणं, मणक्याचा दोष, अन्ननलिकेचा, हाताचा. तुझ्या फाईलमध्ये हृदयाचा इको, किडनीची सोनोग्राफी, माकडहाडाचा एक्स-रे आणि पाठीच्या कण्याची तपासणी आहे का बघ. नसेल तर परवाच विचार. हा दोष असलेल्या मुलग्यांमध्ये बरेचदा आतडं आणि लघवीच्या नळीत जोड असतो, ऑपरेशनच्या आधी लघवीतून हिरवट-काळं काही जायचं का ते आठव, आणि ताप आला की "दात येत असतील" म्हणून सोडून न देता लघवी तपासून घे. माकडहाड कसं आहे आणि जोड कुठे होता, यावर पुढे शीवर ताबा किती येईल याचा अंदाज सांगता येतो. हा प्रश्न विचारायला आईबाप घाबरतात, पण विचारा, उत्तर मनासारखं आलं नाही तरी तयारी करता येते.

घरच्यांना हेही आधीच माहीत असू दे की बॅग बंद झाल्या दिवशी सगळं संपत नाही. त्या ऑपरेशनला काही दिवस भरती राहावं लागतं, पोटाची जखम, आतड्याची शिवण, त्याचे धोके असतात, आणि पुढे कितीही वर्षांनी हिरवी उलटी आणि पोट फुगलं तर आतडं आत चिकटून अडकलं असू शकतं हे लक्षात ठेवायचं. पहिले काही आठवडे दिवसातून दहा-पंधरा वेळाही शी होते, आणि खालच्या कातडीला शीची सवयच नसल्याने ती सोलून निघते, रक्त येतं, तेव्हा बाळ डायलेटरपेक्षा जास्त रडतं. म्हणून झिंकची क्रीम पहिल्या शीच्या आधीपासून लावून ठेवायची, वाट बघायची नाही. डायलेटेशनही तेव्हा बंद होत नाही, हळूहळू कमी करत नेतात. मग उलटं होतं, बद्धकोष्ठ, आणि ते अंगावर काढायचं नसतं, रोज पोट साफ होतंय ना हे बघत राहायचं, औषधाचा डोस सर्जन ठरवतील. शीवर ताबा किती आला ते तिसऱ्या वर्षाच्या पुढेच कळतं. ज्यांना पूर्ण येत नाही त्यांना रोज ठरलेल्या वेळी एनिमा देऊन दिवसभर कोरडं ठेवता येतं, बाकी मुलांसारखं शाळेत जाता येतं, त्यामुळे "याचं पुढे काय होणार" या प्रश्नाला आजच काळं उत्तर लिहून ठेवू नका.

माझ्याकडे याच्या अगदी उलट पत्रंही येतात, तेही इथेच सांगते. बॅग बसली, बाळ खातंय-पितंय, वजन वाढतंय, मग "मोठं झाल्यावर बघू" म्हणत तीन-चार वर्षं काढतात. हेही करू नका. गोळा बाहेर येत जातो, खालचं न वापरलेलं आतडं बारीक होतं, आणि शीची सवय लावायचं वय निघून जातं. आणि ज्यांच्या घरी आत्ताच बाळ झालंय त्यांनी पहिल्याच दिवशी लंगोट काढून खाली जागा आहे ना हे स्वतः बघा, चोवीस तासांत काळी शी झाली का ते सिस्टरला विचारा. हा दोष असलेल्या मुलींमध्ये बरेचदा जागा पुढे, योनीच्या तोंडाशी उघडलेली असते आणि शी होत राहते म्हणून महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही. जागा आहे पण शी उशिरा झाली, पोट फुगतंय, हिरवी उलटी होतेय, तर आतड्याचा दुसरा आजार असू शकतो, तो लहान मुलांच्या सर्जनलाच दाखवायचा.

लोकांना सांगायचं की नाही, तू विचारलंस. जे बाळाला सांभाळतात त्यांना सगळं सांग, नवरा, सासू, तुझी आई, पाळणाघर लावणार असशील तर तिथल्या बाई, कारण हिरवी उलटी झाली तेव्हा तू ऑफिसात असशील आणि निर्णय त्यांनी घ्यायचाय. बाकी पाहुण्यांना काही सांगायचं बंधन नाही. "पोटाचं ऑपरेशन झालंय, अजून ट्रीटमेंट चालू आहे" एवढं पुरे. नोकरी सोडायचा निर्णय मात्र या महिन्यात घेऊ नको, रजा वाढवता येते का बघ, बॅग बंद होऊन दोन-तीन महिने गेले की घरचं चित्र पार वेगळं असतं.

राहिलं लग्न. बॅग घातलेलं बाळ लग्नात जाऊ शकतं, खुशाल ने. वर ढगळ कपडा, पिशवीत दोन जास्तीच्या बॅगा, कात्री, कापूस, एक सुती पंचा, आणि हॉलवर पोचल्या पोचल्या शांत खोली कुठली ते नवऱ्याला बघायला सांग. सर्जनना लग्नाची तारीख मोकळेपणाने सांग. डायलेटेशन नीट सुरू झालं, जागा आवळलेली नसली, तर दर आठवड्याला एक नंबर धरून तेरापर्यंत पोचायला महिनाभर लागेल, त्यामुळे दिवाळीनंतर बॅग बंद करायचा विषय त्यांच्याकडूनच निघेल असंही होऊ शकतं. नाही निघाला तर दिराला आधीच सांगून ठेवा की बाळ बॅगेसहित येणार आहे. डायलेटेशन पुन्हा सुरू झालं की त्या दिवसापासून फाईलच्या पहिल्या पानावर तारीख, नंबर, सकाळ-संध्याकाळ, रक्त आलं का, असं लिहायला सुरुवात कर, आणि परवा काय म्हणाले ते मला कळव.